हजेरीपटावरील माणसे

अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी आमच्या वाचकांपैकी अनेकांनी शाळा-महाविद्यालयाच्या वयात वाचलेली असेल. वारणेच्या खोऱ्यातला तो शूर मांग, दुष्काळात धान्य लुटून उपाशी माणसांच्या पदरात टाकणारा, सरकारच्या नाकी नऊ आणणारा. एवढी ओळख मनाशी ठेवून आपण पुस्तक मिटतो. यंदा आमच्या वाचनमंडळात ही कादंबरी पुन्हा वाचावयास घेतली, तेव्हा चर्चा फकिराच्या पराक्रमावर न रेंगाळता एका साध्या शब्दापाशी अडली. तो शब्द म्हणजे 'हजेरी'. मंडळातील एका तरुण शिक्षिकेने विचारले, ज्याने गुन्हा केला त्याच्यावर नजर ठेवावी हे समजते. परंतु ज्याने अद्याप काहीच केलेले नाही, त्याने चावडीवर जाऊन आपण गावातच आहोत हे का सिद्ध करावे? प्रश्न सोपा होता. उत्तर शोधता शोधता मात्र आम्ही सातारा-सांगलीच्या मातीशी नाते सांगणाऱ्या तीन पुस्तकांतून हिंडलो, अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत जाऊन आलो आणि अखेर आपल्याच धर्मग्रामाच्या कचेरीतील नोंदवहीपाशी येऊन थांबलो. त्या वाटचालीचा हा वृत्तान्त आहे.

आपण सर्वसाधारणपणे असे मानतो, की माणसांचे वंश निसर्गाने वेगवेगळे केले आणि कायदा मागाहून आला. काळा-गोरा हा भेद आधी होता, गुलामगिरी त्यावर उभी राहिली. आमच्या मते क्रम उलटा आहे. कोणाकडून कष्ट फुकट घ्यावयाचे हे आधी ठरते, ते कष्ट त्याच्या मुलांकडूनही घेता यावेत म्हणून कायदा होतो, आणि कायद्याने दोन-तीन पिढ्या हे काम चोख बजावले म्हणजे लोक म्हणू लागतात, हे त्यांच्या रक्तातच आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा सातारा जिल्ह्यातील एका रेल्वे स्थानकावर सापडतो. सन १९०१ च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर नऊ-दहा वर्षांचे असताना भाऊ व भाच्यांसह साताऱ्याहून निघाले. वडील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे, दुष्काळपीडितांना काम मिळावे म्हणून सरकारने सुरू केलेल्या तलावाच्या कामावर खजिनदार होते. मुले मसूर स्थानकावर उतरली. अंगावर चांगले कपडे, बोलणे नीटनेटके. न्यावयास कोणी आले नाही म्हणून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. ही मुले ब्राह्मणांची असावीत अशी त्याची समजूत होती. आपण महार आहोत असे मुलाने सांगताच त्याचा चेहरा पालटला. पुढे दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकावयाची आणि गाडीवानाने सोबत चालावयाचे या बोलीवर. वाटेत नाक्यावर पाणी मिळावे म्हणून मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मिळाले नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हे सारे लिहून ठेवले आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे; पुस्तिका लहान आहे.

आमचे लक्ष वेधले ते त्या चेहऱ्याच्या पालटण्याने. स्टेशनमास्तरचे डोळे शाबूत होते आणि त्या डोळ्यांना काहीच दिसले नव्हते. तो भेद कानाने कळला. जो भेद विचारल्यावाचून कळत नाही, तो टिकवायचा तर कोठे तरी लिहून ठेवावा लागतो. म्हणून आपल्या देशात वही आली. (त्याच साताऱ्यातील सरकारी हायस्कुलाच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ व्या क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव दाखल झाले होते. सर्वच वह्या माणसाला कोंडणाऱ्या नसतात, हेही नोंदवून ठेवू.)

पण अमेरिकेत तर रंग डोळ्यांना दिसतो, तेथे वहीची काय गरज, असे कोणी म्हणेल. तेथेही ती लागलीच. व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत. आरंभी तेथे तंबाखूच्या शेतांवर इंग्रज व आयरिश करारबद्ध मजूर आणि आफ्रिकेतून आणलेली माणसे जवळजवळ खांद्याला खांदा लावून राबत. १६४० मध्ये तीन मजूर पळाले आणि पकडले गेले. त्यांपैकी दोन युरोपियनांची मुदत चार वर्षांनी वाढली; तिसरा, जॉन पंच नावाचा आफ्रिकी, याला जन्मभर राबण्याची शिक्षा झाली. गुन्हा एक, न्यायासन एक, शिक्षा दोन. १६६२ मध्ये कायदा झाला, की मूल आईच्या स्थितीला जाईल. आई दासी असेल तर मूल गुलाम. इंग्लंडच्या परंपरेत मूल बापाचे. येथे ती परंपरा मुद्दाम मोडली, कारण अनेक मुलांचे बाप खुद्द मालकच होते. १६९१ मध्ये गोऱ्यांच्या काळ्यांशी होणाऱ्या विवाहावर बंदी आली. ज्यांना निसर्गानेच वेगळे केले आहे त्यांना वेगळे ठेवण्यासाठी दंडाची धमकी कशाला लागावी? त्याच व्हर्जिनियाने १९२४ साली प्रत्येकाच्या जन्मनोंदीत वंशाचा रकाना सक्तीचा केला, आणि आफ्रिकी रक्ताचा अंश असलेला माणूस गोरा ठरणार नाही असे लिहिले. म्हणजे डोळ्यांना दिसणारा रंगही कायद्याला पुरेना. हा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला तो १९६७ साली.

या मालिकेतील १६६७ चा कायदा आम्ही मुद्दाम मागे ठेवला आहे. त्याचा संबंध स्नानसंस्काराशी आहे. त्याकडे पुढे येऊ.

आपल्याकडे गुलामगिरी नव्हतीच, असे म्हणणारे अद्याप भेटतात. त्यांनी मोल्सवर्थचा मराठी शब्दकोश उघडून 'कुणबीण' हा शब्द पाहावा. व्याकरणाने तो कुणब्याची स्त्री एवढाच अर्थ सांगतो. कोशात मात्र अर्थ आहे दासी, विकत घेतलेली बाई. पेशवाईतील कागदपत्रांत कुणबिणींची खरेदी-विक्री आढळते. वाड्यातील, कोठीतील, पागेतील कामे त्यांच्याकडून करून घेतली जात. दासीच्या पोटी झालेल्या मुलाला 'लेकावळा' हा वेगळा शब्द होता. ज्या भाषेने अशा मुलासाठी स्वतंत्र नाम घडवले, त्या भाषेला व्हर्जिनियाचा १६६२ चा कायदा समजावून सांगण्याची गरज नसावी. शेतकऱ्याच्या बायकोचे नाव दासीचे नाव कसे झाले, हा एखाद्या भाषाभ्यासकाने हाती घेण्याजोगा विषय आहे. कंपनी सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामीवरील मालकीहक्क न्यायालयात मान्य करणे बंद केले. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. सांगलीचे पटवर्धनी संस्थान पुढे शंभर वर्षे टिकून १९४८ मध्ये विलीन झाले.

गुलामी कायद्याने गेली आणि तीस वर्षांच्या आत कायद्यानेच जन्माला दुसऱ्या दोरीने बांधले. १८७१ चा सत्ताविसावा कायदा तो हाच. 'गुन्हेगार जमातींचा कायदा' या नावाने तो ओळखला जातो. सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा लोहार, मग चोराचा मुलगा चोरच असणार, अशा धर्तीचा युक्तिवाद त्याच्या पाठीशी होता. आपल्याच जातिव्यवस्थेची साक्ष काढून इंग्रजाने आपल्याच माणसांना बांधले. स्थानिक सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली, की त्या जाहीरनाम्याच्या योग्यतेबद्दल कोणत्याही न्यायालयाने शंका घ्यावयाची नाही, हे कलम त्यात होते. खून केलेल्या माणसालाही न्यायाधीशापुढे आपले म्हणणे मांडता येते. विशिष्ट घरात जन्मलेल्याला ते मांडता येणार नव्हते. नोंद झालेल्याने गाव सोडताना परवाना घ्यावा, ठरल्या वेळी हजेरी द्यावी. १८९७ च्या दुरुस्तीने लहान मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहांत ठेवण्याची तरतूद केली. प्रारंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करता येईल असा झाला आणि बोटांचे ठसे आले. १९२४ मध्ये, म्हणजे व्हर्जिनियाने जन्मनोंदीत वंशाचा रकाना सक्तीचा केला त्याच वर्षी, तो पुन्हा नव्याने बांधून काढण्यात आला. वाटेगावचा तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच आपले अण्णा भाऊ, तेव्हा चार वर्षांचा होता.

आता पुस्तकांकडे वळू.

पहिले जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी', १८७३ चे. फुल्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, म्हणून या पुस्तकावर आपल्या भागाचा थोडा हक्क आम्ही सांगतो. अमेरिकेतील ज्या सज्जनांनी निग्रोंना दास्यातून सोडविले त्यांना जोतीरावांनी हे पुस्तक अर्पण केले. समुद्रापलीकडील घटनेकडे पाहून आपल्या शूद्रातिशूद्रांच्या स्थितीला 'गुलामगिरी' हे नाव देणे, ही झेप मोठी होती. त्या काळच्या मराठी लेखणीला न्यूयॉर्कचा बाजार दिसत होता, पण तेथील गुलामाशी आपल्या महारवाड्याचे नाते एवढ्या रोखठोकपणे जोडणारे जोतीरावच. १८७१ चा कायदा, १८७३ चे पुस्तक आणि १८७४ चा मुंबईचा वतनी नोकऱ्यांचा कायदा ही तीन साले ओळीने आहेत, हे लक्षात घ्यावे. वतनाच्या कायद्याने महाराच्या बिनमोल राबणुकीला सरकारी मोहोर लागली. घरातील एक माणूस कामावर नसेल तर दुसऱ्याने यावे, अशी ती व्यवस्था. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध बिल आणले होते. ते साधले नाही. ही कनिष्ठ वतने अखेर १९५८ च्या कायद्याने गेली.

तरीही समीक्षकाच्या नात्याने एक आक्षेप नोंदवणे भाग आहे. युरोपीय पंडितांनी त्या काळी मांडलेला आर्य-अनार्य वंशांचा सिद्धान्त जोतीरावांनी जसाच्या तसा उचलला. फक्त त्याचे पारडे उलटे केले. बाहेरून आलेले आर्य भट अत्याचारी, येथील मूळचे लोक सद्गुणी. लोकांना ताठ उभे करण्यासाठी ही कथा कामी आली हे आम्ही नाकारत नाही. परंतु माणसाचा चांगुलपणा-वाईटपणा रक्तातून उतरतो, हे गृहीत तिने शाबूत ठेवले, आणि हेच गृहीत १८७१ च्या कायद्याचा पाया होते. बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात वंशाचा हा सिद्धान्त खोडून काढला. गुरूचा सिद्धान्त शिष्याने मोडावा आणि त्याच ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत गुरूचेच नाव असावे, ही मनाच्या मोठेपणाची गोष्ट आहे.

दुसरे 'फकिरा'. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात आहे. अण्णा भाऊ १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मले तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या, मुंबईत गिरणीत राबलेल्या या लेखकाने मराठी कादंबरीत मांगवाडा आणला, तोही दयेची भीक न मागता. ही कामगिरी एवढी मोठी, की तिच्यातील उणिवा दाखवताना हात अडखळतो.

कादंबरीचा आरंभ फकिराच्या बापापासून, राणोजीपासून होतो. दुसऱ्या गावची जोगिणी आपल्या गावात आणली की जत्रेचा मान आपल्याकडे येतो. त्यासाठी राणोजी जिवावर उदार होतो आणि मारला जातो. येथे अण्णा भाऊंनी फार महत्त्वाची गोष्ट सहज सांगून टाकली आहे. ज्याला गाव वेशीबाहेर राहावयास लावतो, तोच गावाच्या अब्रूसाठी मरतो. मरताना तो गावाचा असतो, जगताना मांगवाड्याचा. पुढे मुलगा मोठा होतो, दुष्काळ पडतो, धान्याची कोठारे फुटतात, आणि सरकारची नजर एका माणसावर न पडता सबंध वाड्यावर पडते. हजेरी लागते ती येथे. अण्णा भाऊंची लेखणी एरवी अतिशयोक्तीच्या वाऱ्यावर स्वार होणारी. घोडे, तलवारी, डोंगर, रात्री यांचे वर्णन करताना तिला आवर नसतो. हजेरीच्या प्रसंगी मात्र ती संथ चालते. तेथे पराक्रमाला वावच नसतो. नाव पुकारले की 'हजर' म्हणावयाचे; नाही म्हटले तर गुन्हा. ज्या समाजाला चोरीवरून नव्हे तर गैरहजेरीवरून पकडता येते, त्याला गुन्हेगार बनविण्याचे काम चावडीच करते. ही गोष्ट कादंबरीने आम्हांला जितकी कळवली तितकी कायद्याच्या कोणत्याही इतिहासाने कळवली नव्हती.

आणि तरीही फकिराचे शौर्य येते कोठून? आजा शूर, बाप शूर, म्हणून मुलगा शूर. तलवार घरात पिढीजात चालत आलेली. सरकार म्हणते, यांच्या रक्तात चोरी आहे. कादंबरी उत्तर देते, यांच्या रक्तात शौर्य आहे. वाचणाऱ्याची छाती फुगते. पण 'रक्तात आहे' हा शब्दप्रयोग दोन्हीकडे तोच राहतो. ज्या मांगाच्या रक्तात शौर्य नाही, जो भित्रा आहे, थकलेला आहे, ज्याला फक्त दोर वळून मुलांना भाकर द्यावयाची आहे, त्याने काय करावे? त्यालाही हजेरी लागतेच. तो कादंबरीच्या कडेला उभा राहतो, मध्यभागी येत नाही. शेवटी मात्र अण्णा भाऊ पुन्हा आपल्या खऱ्या उंचीवर जातात. सरकार फकिराला लढाईत जिंकू शकत नाही. ते त्याची माणसे धरून ठेवते, आणि त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतःहून हवाली होतो. एकाच्या कृत्याबद्दल सर्वांना धरणारा तो कायदा आणि सर्वांसाठी स्वतःला देणारा हा एक माणूस, यांची गाठ तेथे पडते. आमच्या वाचकांना या जागी दुसरी एक कथा आठवल्यावाचून राहणार नाही. आम्ही तिचे नाव घेऊन कादंबरीवर ओझे टाकत नाही.

तिसरे पुस्तक लक्ष्मण माने यांचे 'उपरा'. फलटण तालुक्यातील कैकाडी कुटुंबात जन्मलेल्या मान्यांचे हे आत्मकथन १९८० मध्ये आले आणि १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. गाढवांवर बिऱ्हाड, फोकाच्या टोपल्या, गावाबाहेर पाल, आणि चोरी कोठेही होवो, संशय आधी पालावर. येथे रक्ताचा अभिमान नाही आणि रक्ताची लाजही नाही. माने कोठेही म्हणत नाहीत की आम्ही मूळचे राजे होतो. माणूस 'उपरा' कसा केला जातो हे ते एकेका गावच्या शिवेवर, शाळेच्या दारात, पोलीस पाटलासमोर दाखवीत जातात. बाहेरच्यांनाच दोष देऊनही ते थांबत नाहीत; जातीबाहेर लग्न केल्यावर स्वतःच्या जातपंचायतीने काय केले हेही लिहितात. भाषा ओबडधोबड आहे, मधला काही भाग पसरट आहे, शेवटाकडे सभा-संमेलनांचा तपशील वाढतो. परंतु तिन्ही पुस्तकांत, आमच्या मते, वंशाच्या मिथकातून पूर्णपणे बाहेर पडलेले पुस्तक हेच.

कैकाड्यांची गोष्ट निघाली म्हणून एक वस्तुस्थिती सांगतो, जिच्यापुढे कोणताही वंशसिद्धान्त टिकू नये. विदर्भात कैकाडी ही अनुसूचित जात आहे. उर्वरित महाराष्ट्रात तीच माणसे विमुक्त जातींत मोडतात. नागपूरच्या मुलीचे फलटणला लग्न झाले तर नातेवाईक तेच, बोली तीच, टोपली विणण्याची रीत तीच, कागद वेगळा. हे अंतर रक्तातले नाही, जुन्या इलाखा-प्रांतांच्या सीमांनी पाडलेले आहे.

मुंबई राज्यात गुन्हेगार जमातींचा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. शब्द बदलला, पोलीस ठाण्याची सवय बदलावयास तयार नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली, विमुक्त जमातींना जन्मजात सराईत मानणाऱ्या नियमांवर ताशेरे ओढले, आणि कैद्यांच्या रजिस्टरातील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. म्हणजे १८७१ पासून एकशे त्रेपन्न वर्षांनी तो रकाना खोडण्याचा हुकूम निघाला.

येथवर वाचून आपण ख्रिस्ती वाचक निर्धास्त झालो असू, तर ते बरे नव्हे. गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचा कारभार सरकारने अनेक ठिकाणी मिशनांकडे सोपवला होता. मुक्तिफौजेने उत्तरेत, पंजाबात व आंध्रात अशा वसाहती चालवल्या. सोलापूरच्या वसाहतीत अमेरिकन मराठी मिशनचा हात होता. त्या माणसांच्या हेतूंवर आम्ही शिंतोडे उडवत नाही. तेथे शाळा निघाल्या, दवाखाने निघाले. पण कुंपण होते, आणि आतल्या माणसाला बाहेर जाण्यास परवाना लागे. कॅथलिक म्हणून आपल्यालाही हात झटकता येणार नाहीत. पाचवे निकोलस यांनी १४५२ मध्ये पोर्तुगालच्या राजाला अन्यधर्मीयांना कायमचे दास करण्याची मुभा दिली. तिसरे पॉल यांनी १५३७ मध्ये अमेरिकेतील मूळ रहिवाशांना दास करू नये असे बजावले. सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ मध्ये गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८३८ मध्ये, मेरीलँडच्या येशूसंघीयांनी आपल्या मळ्यांवरील २७२ माणसे लुइझियानात विकली होती आणि त्या पैशाने जॉर्जटाउनचे कॉलेज सावरले. विकलेल्यांपैकी पुष्कळांचा स्नानसंस्कार झालेला होता. विकणाऱ्यांच्याच हातून झाला होता.

आता १६६७ कडे येऊ. स्नानसंस्कार झालेल्याला दास ठेवता येईल काय, हा प्रश्न व्हर्जिनियातील मालकांना सतावत होता. कोणी ख्रिस्ती झाला आणि स्वातंत्र्य मागू लागला तर? म्हणून कायदा झाला, की स्नानसंस्काराने माणसाच्या दास्यात काहीही फरक पडत नाही. मालक निश्चिंत झाले. संत पौलाने फिलेमोनला पाठविलेले पत्र बायबलात होतेच; अनेसिम दास म्हणून नव्हे, बंधू म्हणून परत घ्यावा, ही त्याची विनंती होती. कायद्याने ती विनंती निकालात काढली.

आणि आपल्या देशात १९५० साली नेमके उलटे झाले. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरवले, की हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आत घेतले गेले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. व्हर्जिनियाचा कायदा म्हणाला, स्नानसंस्काराने काहीच बदलत नाही. आपला आदेश म्हणतो, स्नानसंस्काराने जात क्षणात गळून पडते. दोन्ही कायद्यांत एक साम्य आहे: त्या पाण्याखाली उभ्या असलेल्या माणसाला गावात पुढे काय भोगावे लागते, हे दोघांनीही विचारले नाही. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की धर्मांतरानंतरही पूर्वीचीच पीडा त्याच तीव्रतेने चालू असल्याचे दाखवावे लागेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका स्त्रीचा हिंदू असल्याचा दावा त्याच न्यायालयाने फेटाळला. तिचा बालपणी स्नानसंस्कार झाला होता, हा त्यातील एक पुरावा होता. म्हणजे आपल्या धर्मगुरूंनी प्रेमाने भरलेली नोंदवही न्यायालयात साक्षीला उभी राहते.

येथे एक प्रश्न आपल्या स्वतःकडेही येतो. जात गळून पडली असे सरकार म्हणते ते खोटे आहे, असे आपण निवेदनांत लिहितो. ते खोटे असेल, तर ती जात कोठे शिल्लक आहे? काही ठिकाणी दफनभूमीच्या भिंतीपाशी शिल्लक होती, काही ठिकाणी मंदिरातील बाकांच्या रांगेत, आणि लग्नाच्या बोलणीत तर आजही शिल्लक आहे. भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेतील या भेदाची कबुली दिली. वसईच्या, मुंबईच्या वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटेल. मिरज-सांगलीकडील वाचकाला वाटणार नाही.

आमच्या परिचयाचे दोन सख्खे भाऊ सांगली जिल्ह्यात एकाच गल्लीत राहतात. घरांची भिंत सामाईक, नळ सामाईक. थोरल्याच्या दाखल्यावर हिंदू मांग, अनुसूचित जात असे लिहिलेले आहे. धाकट्याने विवाहानंतर पत्नीसह स्नानसंस्कार घेतला. त्याच्या मुलांचे दाखले इतर मागासवर्गीयांचे. थोरल्याची मुलगी आणि धाकट्याची मुलगी एकाच वर्गात शिकतात, एकाच सायकलीवरून शाळेत जातात. गल्लीतील लोक मात्र दोन्ही घरांना एकाच नावाने हाक मारतात, आणि ते नाव स्नानसंस्काराच्या वेळी ठेवलेले नाही.

वाचनमंडळाची 'फकिरा'ची प्रत धाकट्याने घरी नेली आहे. पुढल्या बैठकीला ती लागेल असे आम्ही कळवले होते. थोरल्याचे वाचून झाल्यावाचून तो ती हातची सोडणार नाही, असा निरोप गेल्या रविवारी मिस्सानंतर आला.